मोहाचे तीन थेंब

वर्ध्यात आमच्या घरामागून जो रस्ता रुळांकडे जातो, त्यावर मोहाचं एकच झाड उरलं आहे. होळी झाली की त्याची पानं झडतात, फांद्यांच्या टोकांना तपकिरी झुबके येतात, आणि मग एका सकाळी अख्ख्या रस्त्याला तो वास सुटतो. ओल्या गोणपाटात गूळ बांधून ठेवावा आणि विसरून जावा, तसा वास. फिरायला निघालेली माणसं तिथं रेंगाळतात. कुणी दोन फुलं उचलून हुंगतं, कुणी तोंडात टाकून बघतं. मी तेवढ्यापुरता पलीकडच्या कडेला जातो. बायकोला वाटतं, झाडाखाली कुत्री बसतात म्हणून. तिचा तो समज मी इतकी वर्षं तसाच राहू दिला.

मोह या शब्दावर कोटी करणं फार सोपं आहे. ती मी करणार नाही. आमच्याकडे मोह म्हणजे झाड आणि मोहं म्हणजे त्याची फुलं, एवढंच. ती खातात, वाळवतात, गुरांना घालतात आणि त्यांची दारू काढतात.

यंदा लिहायला बसलो त्याला कारण आमच्या गावची सुषमा. आंजीच्या पलीकडे आमचं गाव, तिथल्या शाळेत ती शिकवते, आमच्याच वस्तीतली. विहाराची स्मरणिका काढायची म्हणून मागच्या आठवड्यात घरी आली होती. म्हणाली, "काका, आपल्या वस्तीत पहिली चार शीलं वाचतात आणि पाचवं वाचत नाहीत. पाचवं कुणीतरी न शिकलेलं म्हातारं माणूस पुढं येऊन तोंडानं म्हणतं, मग बाकीचे त्याच्या मागून. मी इतक्या गावांत फिरले, ही रीत कुठंच नाही. कुठून आली? तुम्ही सगळ्यांत जुने. दोन पानं लिहून द्या."

पाचवं म्हणजे दारू न पिण्याचं. मी तिला म्हणालो, "जुनी रीत आहे, बाई." ती चहा पिऊन गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी तो वास सुटला होता.

*

बी.ए.च्या शेवटच्या वर्षाची परीक्षा आणि मोहाचा हंगाम एकाच वेळी आले होते. दीक्षेनंतरचा तो पहिला उन्हाळा. होस्टेलच्या खोलीत दुपारी पत्रे तापायचे, मी ओला पंचा डोक्यावर घेऊन इतिहासाची सनावळी पाठ करायचो. पंचा वाळला की पुन्हा विहिरीवर. आमच्या वस्तीतून कॉलेजात आलेला मी पहिला. त्याचा मला ताठा होता, आणि तो मी लपवत नसे. आजही लपवत नाही. पण ताठ्याच्या खाली एक भीती असायची, की तोंड उघडलं की कळेल.

कारण आमच्या तोंडात 'ण' नव्हता. आम्ही पानी म्हणायचो, लोनी म्हणायचो, कोन म्हणायचो. मला नव्हे, मले. माझ्या खोलीत मधू म्हणून एक मुलगा होता, वकिलाचा. मनानं चांगला. पण पहिल्याच महिन्यात मी "पानी दे बे" म्हणालो तेव्हा तो हसला होता. वाईट हेतूनं नव्हे; हसू आलं म्हणून हसला. त्यानंतर मी होस्टेलच्या विहिरीवर, बादली वर ओढता ओढता, एकटाच म्हणत बसायचो: पाणी, लोणी, कोण, कोणी. जीभ टाळूला मागं नेऊन लावायची, मग सोडायची. तीन वर्षांत ती आपोआप जाऊ लागली. गावी गेलो की माय म्हणायची, "कसा बोलून राह्यला व हा, भटावानी!" आणि बा, माझा बाप, नुसता हसायचा. त्याला ते आवडायचं.

खोलीत तिसरा होता वसंता. सेलूकडच्या शेतकऱ्याचा पोरगा, घरी मोठी ओलिताची शेती. तो मात्र बिनदिक्कत "मले", "तुले" बोलायचा आणि त्याला कुणी हसत नसे. हे कसं, याचा मी तेव्हा खूप विचार केला होता. उत्तर काही कठीण नव्हतं.

*

दीक्षेला आम्ही सगळी वस्ती नागपूरला गेलो होतो. मायजवळ पांढरं लुगडं नव्हतं, तिनं शेजारणीचं मागून नेलं. परत आलो तेव्हा सगळ्यांच्या पायांवर ढोपरापर्यंत धूळ होती, आणि चेहरे मात्र धुऊन काढल्यासारखे. माझ्या खिशात शीलं आणि प्रतिज्ञा छापलेला एक कागद होता. वस्तीत न अडखळता वाचणारा मी एकटा. दर रविवारी मी होस्टेलवरून सायकलनं यायचो, कडुलिंबाखाली उभा राहायचो, एकेक ओळ वाचायचो, आणि वस्ती माझ्या मागून म्हणायची. डिसेंबरात दीक्षा देणारेच गेले, आम्ही सारे पोरके झालो, तेव्हा तर लोक रविवारची वाट बघायचे. काहीतरी तोंडानं म्हटल्याशिवाय त्यांना राहवत नव्हतं.

बा पहिल्या रांगेत उभा राहायचा. कागदाकडे नव्हे, माझ्या ओठांकडे बघत.

बा पिणारा होता. मारझोड करणारा, भांडी फोडणारा नव्हे. दरसाल हिवाळा सरता सरता तो केळझरच्या पुढं, डोंगराच्या अंगाला, ठेकेदाराच्या लाकूडतोडीवर जायचा. आमचा जिल्हा दारूबंदीचा, पण डोंगराला ते कुणी सांगितलं नव्हतं. महिन्या-दीड महिन्यानं परत यायचा तो गाणं म्हणत. शिशीत थोडी उरलेली असायची. ती तो अंगणात बसून, वाटीत ओतून प्यायचा, आणि पिण्याआधी त्याची एक रीत असायची. करंगळी वाटीत बुडवायची, भुईवर तीन थेंब उडवायचे आणि मग तेच बोट कानामागं पुसायचं. लहानपणी मी विचारलं होतं, कुणाचे हे?

"एक भुईचा. एक माह्या मायचा."

"आन तिसरा?"

"जो येनार होता न आला नाई, त्याचा."

दीक्षेहून आल्यावर त्यानं सोडली. एका दिवसात. आठवडाभर त्याच्या हाताला कंप होता, भाकरीचा तुकडा तोंडापर्यंत नेताना गळून पडायचा. माय फुटाणे भाजून ठेवायची, तो दिवसभर मूठ मूठ खायचा. शेजारचे गंमत करायचे, "काय बापा, पाचवं जड जाऊन राह्यलं काय?" त्या दिवसांत वस्तीत दारूला दारू कुणी म्हणेना, पाचवंच म्हणायचे. अमक्यानं पाचवं मोडलं, तमका पाचव्यात कच्चा. बा फुटाणे चघळत म्हणायचा, "पोरानं वाचलं, म्या म्हनलं. आता मोडीन कसा?"

मी हे ऐकायचो आणि मला बरं वाटायचं. माझ्या वाचण्यात केवढी शक्ती आहे, असं वाटायचं. मोडायचं की नाही हा प्रश्न त्याच्या बाजूचा होता. आपल्याला नुसतं वाचायचं आहे, अशी माझी समजूत होती.

*

शेवटचा पेपर झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं सायकली काढून निघालो. केळझरचा गणपती बघायचा आणि संध्याकाळपर्यंत परत. सकाळची हवा होती, पळस अजून पुरता झडला नव्हता. मधू पुढं, मध्येच हात सोडून सायकल चालवायचा. टेकडीवर मी देवळाबाहेर थांबलो. देव सोडला होता म्हणून. मधूनं काही विचारलं नाही. त्या वेळी तो मला फार मोठा वाटला.

खाली आल्यावर वसंता म्हणाला, "अबे, हा गनपती झाला. आता पुढचा पाह्याले चला."

"पुढे काय आहे?" मधूनं विचारलं.

"माह्या मामाच्या वावराच्या वरतं मैनाबाईचं घर हाये. पहिल्या धारेची भेटते. न संगं जेवन बी. तिच्या घरी उपाशी पोटी कोनाले देत नाईत."

मैनाबाई हे नाव मी लहानपणापासून ऐकत होतो. डोंगरातून आला की बाच्या बोलण्यात ते चार वेळा यायचं. मी सायकलचा ब्रेक दाबला, आणि मग उगीच चेन तपासायला खाली वाकलो.

"मी नको," मी म्हणालो. "मला ते चालत नाही आता."

मधू हसला. तेच हसू, वाईट हेतू नसलेलं. "का रे? भिक्खू व्हायचं आहे का?"

मी तीन वर्षं विहिरीवर उभा राहून जे कमावलं होतं, ते त्या एका हसण्यानं गळून पडेल असं वाटलं. आता वाटतं, पडलं असतं तर काय बिघडलं असतं? तेव्हा मी वीस-एकवीस वर्षांचा होतो आणि सायकलवर बसलो.

*

घर म्हणजे दोन खोल्या, पांढऱ्या मातीनं सारवलेल्या, आणि भोवती बोराट्यांचं कुंपण. अंगणात चटईवर मोहं वाळत घातली होती, मनुकांसारखी सुरकुतलेली. मागं उतार होता आणि उताराखाली नाला. नाल्याच्या काठावर भट्टी. चुलीवर मोठं मडकं, त्याच्या तोंडावर दुसरं उपडं, सांध्याला ओली माती थापलेली, आणि त्यातून निघालेली बांबूची नळी खाली पाण्यात ठेवलेल्या मडक्यात उतरलेली. कुठं काही आवाज नाही. नळीच्या टोकातून थेंब थेंब पडताना ऐकू येत होतं.

मैनाबाई गोंडीण. साठीच्या अलीकडची असावी. दोन्ही हात कोपरापर्यंत गोंदलेले. वसंताला ओळखत होती. "आला का मामाचा भासा," म्हणाली, आणि आम्हाला जांभळीखाली बसवून आधी जेवायला वाढलं. ज्वारीची भाकर, लाखोळीची डाळ, झिंग्याची चटणी, आणि तिळासोबत कुटलेली मोहं. मधूनं चटणी बाजूला सारली, पण मोहं खाल्ली आणि परत मागितली. "हे तर घरी न्यायला पाहिजे," म्हणाला. मैनाबाई खूष झाली. "खाय बापा. तुमच्या शहरात असंच गोड पानात टाकून खातेत म्हंते."

मग तिनं नळीखालचं मडकं आणलं. पळीभर काढून चुलीतल्या निखाऱ्यावर उडवली. निळी ज्योत भपकन उठली आणि गेली. "पहिली धार," ती म्हणाली.

तिच्या घरची रीत अशी होती की पहिला द्रोण एकच भरायचा आणि तोच सगळ्यांत फिरवायचा. पळसाच्या पानाचा द्रोण. पहिला वसंता प्याला. दुसरा मी. माझ्यानंतर मधू होता.

इथं मी एक गोष्ट कबूल केली पाहिजे, नाहीतर पुढचं सगळं नुसतं पश्चात्तापाचं कीर्तन होईल. त्या द्रोणाचा मला आनंद झाला होता. मी ओठ लावलेल्या पानाला मधू ओठ लावणार होता. होस्टेलात आम्ही एका खोलीत होतो, पण माझा तांब्या खिडकीत असायचा आणि त्याचा टेबलावर. तसं कुणी ठरवलं नव्हतं आणि तसं नेहमी असायचं. आता तो हात पुढं करून वाट बघत होता. माझ्या बापानं, त्याच्या बापानं ज्याची वाट बघितली ते माझ्यासमोर पानाच्या द्रोणात आलं होतं. मी घेतला.

आणि घेताना, न कळत, मी करंगळी बुडवली, भुईवर तीन थेंब उडवले आणि बोट कानामागं पुसलं.

मी त्याआधी कधी प्यालो नव्हतो. ते बोट माझं नव्हतंच म्हणा. पितरांना काही द्यायचं नाही, हेही त्याच कागदावर छापलेलं होतं, आणि तेही मीच वाचून दाखवलं होतं. एका घोटात दोन वचनं मोडली. घशातून जळत गेलं, डोळ्यांत पाणी आलं. मधूनं माझ्या हातून द्रोण घेतला, प्याला, ठसकला, आणि वसंता त्याच्या पाठीवर थापा मारत खदखदला.

मैनाबाईची पळी मडक्यावर तशीच राहिली होती. ती माझ्याकडे बघत होती.

"कोन्या गावचा तू?" तिनं विचारलं. मलाच, बाकीच्यांना नाही.

"पुलगावचा," मी म्हणालो. "वडील मिलमध्ये आहेत."

वसंतानं मला डोळा मारला. अशा ठिकाणी खरं गाव सांगायचं नसतं, त्याला वाटलं मी हुशारी केली.

मैनाबाईनं मान हलवली. मग चुलीतलं लाकूड मागं ओढत, जणू कुणाशीच नाही अशी बोलू लागली. यंदा गिऱ्हाईक कमी. तुमच्या तिकडचे पाचवेवाले येत नाईत. "एक मानूस होता. दरसाल तोडीवर ये. या जांभळीखाली बसे, गानं म्हने. यंदा आला तो सरळ पुढं चालला. म्या हाक मारली, काऊन जी, वळख इसरले का? तं आला. पानी दे म्हने. म्या म्हनलं, थट्टा करून राह्यला. द्रोन भरला न देल्ला हातात. त्यानं घेतला. नाकाजवळ नेला. लय येळ तसाच बसला, बापा. मग खाली ठेवला." तिनं द्रोण खाली ठेवल्यासारखा हात केला. "म्हने, माहा पोरगा वाचते व मैनाबाई. कालेजात हाये. तो वाचते न आमी मागून म्हंतो. म्या पेलो तं त्याचं वाचनं खोटं पडते."

नळीतून थेंब पडत होते. टप. टप.

"कमाल आहे!" मधू म्हणाला. "पोरगा वाचतो म्हणून बाप सोडतो." आणि त्यानं माझ्याकडे पाहिलं, काहीतरी बोल म्हणून, आपण नेहमी बोलतो तसं.

मी गप्प बसू शकलो असतो. उठून जाऊ शकलो असतो. तो माझा बाप आहे, एवढे चार शब्द म्हणू शकलो असतो. मी म्हणालो, "अडाणी माणसं असतात रे. एकदा पढवलं की धरून बसतात."

अडाणी, माणसं. दोन्ही ण अगदी जागच्या जागी.

"हो बापा," मैनाबाई हळू म्हणाली. "अडानीच थो."

तिनं आम्हाला वेगवेगळे द्रोण भरून दिले. माझाही भरला. तोही मी प्यालो. पहिला न कळत झाला असं मी कुणाला सांगू शकेन. दुसऱ्याचं काय सांगणार?

निघताना ते दोघं पुढं जाऊन सायकली उभ्या करत होते. ती कुंपणापर्यंत आली आणि माझ्या सायकलच्या हँडलवर हात ठेवला.

"बाले सांगजो," ती म्हणाली, "मोहाची नको पेऊ म्हना. पन पानी प्याले तरी येत जा. अठीचं पानी काई पाचव्यात येत नाई."

मी पायडलवर पाय ठेवला, पण तिनं हँडल सोडलं नाही.

"बोट कानामागं पुसनारा अख्ख्या डोंगरात एकच मानूस," ती म्हणाली. "तुले वाटलं मले समजलं नाई?" तिच्या आवाजात राग नव्हता. कीव होती, आणि ती माझी नव्हती, बाची होती.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी मी घरी पोचलो. मधल्या रात्री होस्टेलच्या विहिरीवर तीनदा अंघोळ केली होती, राखेनं दात घासले होते, कपडे धुतले होते. पण मोह अंगातून जातो तो घामावाटे, आणि मी चैत्राच्या उन्हात सायकल हाणत आलो होतो. हे मला माहीत नव्हतं. ज्याला माहीत होतं तो अंगणात बसून दोरी वळत होता.

"पेपर कसे गेले?"

"चांगले गेले."

मी त्याच्याजवळ बाजेवर बसलो. त्याचे दोरी वळणारे हात थांबले. तो माझ्याकडे वळला नाही, पण त्याची छाती एकदा भरून आली आणि हळूहळू रिकामी झाली. त्या एका भट्टीच्या वासाशी तीस वर्षांची ओळख होती त्याची, कशी विसरणार? मग तो उठला, रांजणातून तांब्या भरून आणला, माझ्यासमोर धरला.

"मैनाबाई बरी हाये का?" त्यानं विचारलं.

सगळं त्या प्रश्नात होतं. रागावणं नव्हतं, उलट बाहेर यायला वाट ठेवली होती. मी "बरी हाये" म्हणालो असतो तर आमच्यात जे व्हायचं ते होऊन गेलं असतं. दोन शिव्या दिल्या असत्या त्यानं, कदाचित रडला असता, मीही रडलो असतो, आणि मग निरोप सांगितला असता.

मी म्हणालो, "कोण मैनाबाई?"

बानं तांब्या माझ्या हातात दिला. "कोनी नाई," म्हणाला. "उन्हातून आला. पानी पे."

*

चार-पाच दिवसांनी जयंती होती. ते डिसेंबरात गेल्यानंतरची पहिली. सकाळीच कडुलिंबाखाली सडा घातला होता, निळी पताका लावली होती, आंजीचीही काही माणसं आली होती. मी इस्त्री केलेला सदरा घालून उभा राहिलो. सगळ्यांना माहीत होतं की पोरगा आता बी.ए. होणार. बायका लेकरांना पुढं ढकलत होत्या, बघा म्हणत होत्या. बा पहिल्या रांगेत, नेहमीसारखा, माझ्या ओठांकडे बघत.

पहिलं वाचलं. लोक म्हणाले. दुसरं वाचलं. तिसरं. चौथं खोटं न बोलण्याचं. ते कसं वाचलं माझं मला माहीत नाही, अक्षरावरून गाडी गेल्यासारखं वाचलं. पाचव्याला कागद हातात होता, अक्षरं दिसत होती, आणि जीभ टाळूला चिकटलेली. मी घसा खाकरला. कुणीतरी म्हणालं, "पानी द्या रे मास्तरले."

तेव्हा बा बोलला. रांगेतून एक पाऊल पुढं आला, लोकांकडे तोंड केलं, आणि पाचवं मोठ्यानं म्हटलं. माझ्याकडून ऐकून ऐकून पाठ झालेलं, त्याच्या उच्चारात, पालीची जोडाक्षरं तोडून, ण चा न करून. वस्ती त्याच्या मागून म्हणाली. मग तो मागं वळून माझ्या कानाशी आला.

"हे म्या म्हनत जाईन," तो म्हणाला. "बाकीचे तू वाच."

लोकांना ते फार आवडलं. न शिकलेला माणूस, पूर्वीचा पिणारा, आणि पाचवं तोच म्हणतो. पोरगा थांबून बापाला मान देतो. केवढा संस्कार! मला येऊन येऊन सांगितलं लोकांनी. मी ऐकून घेतलं.

त्यानंतर बा जिवंत होता तोवर पाचवं त्यानंच म्हटलं. मी नोकरीला लागलो, बदल्या झाल्या, जयंतीला गावी आलो की चौथ्यावर थांबायचो आणि तो पुढं यायचा. पुढं पुढं काठी टेकत. तो त्यानंतर कधी डोंगरात लाकूडतोडीला गेला नाही; का, ते मी विचारलं नाही. मैनाबाईचं नाव त्याच्या तोंडून पुन्हा आलं नाही. तो गेला त्या वर्षी मी चौथ्यावर थांबलो, सवयीनं. मग मागच्या बाजूनं एक म्हातारी पुढं आली, अंगठेबहाद्दर, आणि तिनं म्हटलं. तेव्हापासून रीत झाली. आता तर पोरं भांडतात, यंदा पाचवं कोणाच्या आजीचं म्हणून.

सुषमाला मी दोन पानं लिहून देणार होतो. ही जास्त झाली. हवं ते तिनं छापावं. रीत मोडू नका एवढंच म्हणणं आहे. ती ज्याच्यामुळे पडली तो माणूस चांगला नव्हता, पण ज्यानं पाडली तो होता.

आज सकाळी मी कड बदलली नाही. झाडाखालून गेलो. रात्रभर गळलेली मोहं रस्त्यावर पडली होती, पायाखाली फुटत होती, आणि तो वास वर येत होता. मी वाकून एक उचललं. बोटाला रस लागला. हात कानाकडे निघाला होता, तो तसाच खाली घेतला आणि सदऱ्याला पुसला.

बा, तिसरा थेंब ज्याचा असतो तो मीच. यायला फार उशीर झाला.

बरी होती मैनाबाई. तुले पानी प्याले येत जा म्हनलं होतं तिनं.